त्रिनिदादला जायचे तर...

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याकडे कुणाच्या डोळ्यांपुढे नकाशा येत नाही, क्रिकेटचा संघ येतो. सोबर्स बार्बाडोसचा, लॉईड गयानाचा, रिचर्ड्स अँटिग्वाचा आणि लारा त्रिनिदादचा, हे आपण झोपेतही सांगू. पण हे मुलूख नेमके आहेत कुठे, असे विचारले की भल्याभल्यांचे बोट आफ्रिकेच्या आसपास घुटमळू लागते. आमच्या घरातही तेच झाले. येत्या मे महिन्यात सहकुटुंब त्रिनिदादला जावे, असा प्रस्ताव मी जेवणाच्या वेळी मांडला, तेव्हा आमच्या कन्येने पृथ्वीचा गोल आणला, सौ.ने चष्मा आणला, चिरंजीवांनी आपला मोबाईल आणला, आणि तिघांनी मिळून ते बेट शोधून काढीपर्यंत आमटी निवून गेली. नाना मात्र आपल्या पाटावरून हलले नाहीत. ते म्हणाले, "दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर बघा. व्हेनेझुएलाच्या अगदी शेजारी."

नाना म्हणजे माझे वडील. वय वर्षे पंचाहत्तर. १९७१ साली ते कॉलेजात होते. त्या वर्षी अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला आणि मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर सात गडी राखून जिंकला. त्या देशाविरुद्धचा तो आपला पहिला कसोटी विजय. मडगावला जन्मलेल्या दिलीप सरदेसायांनी त्यात शतक काढले, आणि सुनील गावसकर नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या. मालिका संपली तेव्हा त्या मुलाच्या नावावर चार कसोट्यांत ७७४ धावा होत्या. शेवटच्या सामन्यात, त्याच ओव्हलवर, १२४ आणि २२०! नानांनी त्या दौऱ्याची वर्तमानपत्रांतली कात्रणे एका दोनशे पानी वहीत चिकटवून ठेवली आहेत. खळ वाळून कागद पिवळे पडले, पण वही अजून कपाटात वरच्या कप्प्यात, पोथ्यांच्या शेजारी आहे. त्यांनी आयुष्यात कधी काही मागितले नाही. फक्त एकदा, माझ्या आईच्या वर्षश्राद्धानंतर, सहज बोलल्यासारखे म्हणाले होते, "ते मैदान एकदा बघायला हवे होते." गेली सहा वर्षे आम्ही जे रिकरिंगचे खाते चालवतो आहोत, त्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

आता वाचकहो, परदेशची सहल म्हटली की घरात प्रत्येकाचा देश वेगळा असतो. चिरंजीवांना निळे पाणी आणि पांढरी वाळू हवी होती. कन्येला पशुपक्षी हवे होते. सौ.चे म्हणणे, "समुद्रच बघायचा तर अलिबाग काय वाईट?" सौ. बँकेत असल्यामुळे तिच्या प्रश्नांत नेहमी व्याजाचा दर दडलेला असतो. पण त्रिनिदाद आणि टोबॅगो हे जोडगोळीचे राष्ट्र असे आहे, की तेथे प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडते. टोबॅगोला बकू रीफची प्रवाळे आहेत आणि ती तळाला काच बसवलेल्या होडीतून बघता येतात. तिथल्या मेन रिज डोंगरावरचे जंगल १७७६ साली कायद्याने राखून ठेवलेले आहे. झाडे तोडली तर पाऊस जाईल, एवढी गोष्ट त्या काळच्या मळेवाल्यांनाही पटली होती! त्रिनिदादमध्ये ला ब्रे येथे डांबराचे तळे आहे, सुमारे शंभर एकरांचे. सर वॉल्टर रॅले याने १५९५ साली आपल्या गलबतांच्या फटी त्याच डांबराने बुजवल्या होत्या. आणि कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे घरी परततात, तेव्हा हिरवी तिवरे जास्वंदीने फुलल्यासारखी दिसतात म्हणे.

पहिला प्रश्न आला तो हंगामाचा. कॅरिबियन समुद्रातला वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. त्रिनिदाद अगदी दक्षिणेला असल्यामुळे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या कडेला पडते. पण म्हणून बेफिकीर राहता येत नाही. १९६३ च्या सप्टेंबरअखेर 'फ्लोरा' वादळाने टोबॅगोची धूळधाण केली, आणि २०२४ च्या १ जुलैला 'बेरिल' शेजारच्या ग्रेनाडाच्या बेटांवर कोसळले. कोरडा हंगाम जानेवारी ते मे. त्यातही कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ख्रिस्ती उपवासाच्या आदल्या सोमवारी-मंगळवारी असतो. तेलाच्या पिंपांच्या पत्र्यातून घडवलेला स्टीलपॅन हा वाद्यप्रकार याच बेटाने जगाला दिला, आणि तो ऐकावा तर कार्निव्हलच्या दिवसांत. पण फेब्रुवारीत माझ्या कॉलेजात अंतर्गत परीक्षा आणि सौ.च्या बँकेत मार्चअखेरीची लगबग. दिवाळीत जावे, तर तिकडे पाऊस. वास्तविक दिवाळीला तेथे १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे, आणि त्या रात्री वाकवलेल्या बांबूंच्या कमानींवर हजारो पणत्या लावतात. मोह मोठा होता. पण दिवाळीची सुट्टी अपुरी आणि तिकिटे चौघांची नव्हे, पाचांची. शेवटी मे महिन्याचा शेवट ठरला. कन्येला आनंद झाला, कारण मार्च ते ऑगस्ट या काळात त्रिनिदादच्या ईशान्य किनाऱ्यावर मटुरा आणि ग्रँड रिव्हिएर येथे लेदरबॅक कासवे अंडी घालायला येतात. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणारी कासवे त्यांच्यापुढे बाळे शोभतील. ही चार-चारशे किलोंची धुडे! परवाना काढून, वाटाड्याबरोबर, रात्री जायचे असते.

दुसरा प्रश्न वाटेचा. भारतातून तेथे थेट विमान नाही. लंडनवरून जावे, नाही तर अमेरिका किंवा कॅनडामार्गे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की अमेरिकेत नुसते विमान बदलायचे म्हटले तरी आपल्याला तिथला व्हिसा लागतो. नवख्या माणसाचे सारे लक्ष मुक्कामाच्या देशाकडे असते आणि घोडे अडते ते वाटेतल्या देशापाशी. आम्ही लंडनची वाट धरायची ठरवले, कारण माझी धाकटी बहीण तेथे असते. ही बहीण पुढे आमच्या किती उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

तिसरा प्रश्न मात्र असा आला, की सारा बेतच फिसकटायची वेळ आली. पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, हा डासांमुळे पसरणारा रोग आपल्या देशात नाही. पण तो पसरवू शकणारे डास मुबलक आहेत. म्हणून आपले सरकार याबाबतीत फार कडक आहे, आणि ते योग्यच आहे. ज्या देशांत या रोगाचा धोका आहे त्यांच्या यादीत त्रिनिदादचे नाव आहे. तेथून परतणाऱ्याजवळ लस टोचल्याचा दाखला हवा. ती लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी लागते. एकदा टोचली की २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे दाखला आयुष्यभर चालतो. आम्हा चौघांचे काम सोपे होते. पण साठीच्या पुढच्या माणसाला ही लस जपून द्यावी लागते, आणि नाना संधिवातासाठी जे औषध घेतात ते शरीराची प्रतिकारशक्ती कमी करणारे आहे. आमच्या डॉक्टरांनी कागद बघितले, नानांची नाडी बघितली, आणि स्पष्ट सांगितले, "यांना ही लस देता येणार नाही."

दाखला नसेल तर काय? यादीतल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत माणूस भारतात उतरला आणि त्याच्याजवळ दाखला नसला, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला विमानतळावरून परस्पर तिकडे न्यायचे, या कल्पनेनेच सौ.चे डोळे भरून आले. त्या रात्री आमच्या घरात जे बोलणे झाले ते येथे सगळे लिहिण्यासारखे नाही. सौ. म्हणाली, "या वयात त्यांना डासांच्या देशात न्यायचे, तेही लस न टोचता? एका मैदानासाठी?" मी म्हणालो, "मैदानासाठी नव्हे, त्यांच्यासाठी." ती म्हणाली, "त्यांच्यासाठीच मी बोलते आहे." दोघांचेही खरे होते. म्हाताऱ्या माणसावर माया करायची म्हणजे त्याला जपायचे, की त्याच्या मनासारखे होऊ द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. कुठे तो तीर्थयात्रेच्या रूपाने येतो, कुठे गोड खाण्याच्या. आमच्याकडे तो त्रिनिदादच्या रूपाने आला.

नाना पलीकडच्या खोलीतून ऐकत होते. सकाळी चहाच्या वेळी ते शांतपणे म्हणाले, "त्या बेटावर गेलेल्या आपल्या लोकांनासुद्धा आधी वेगळे ठेवीतच असत की! आणि मला तर परतताना ठेवणार. त्यांना निदान परत यायची खात्री तरी कुठे होती?"

हे नानांनी वाचलेले होते, आणि खरे होते. १८३८ साली वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी पुरती संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. मग कलकत्त्याहून 'फतेल रझाक' नावाचे जहाज निघाले आणि ३० मे १८४५ रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात लागले. त्यावर सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. तेव्हापासून १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक भारतीय पाच वर्षांच्या करारावर तेथे गेले. त्या कराराला ते 'गिरमिट' म्हणत आणि एका जहाजावरून आलेले एकमेकांना 'जहाजी भाई' मानत. नव्याने आलेल्यांना पुढे पुढे बंदराजवळच्या नेल्सन बेटावर काही दिवस ठेवून मग मळ्यांवर धाडीत. ही माणसे बहुतेक बिहारची आणि पूर्वेकडच्या उत्तर प्रदेशची, काही मद्रासकडची. मराठी मजूर गेले ते मॉरिशसला. तरीसुद्धा भाषेचा प्राध्यापक म्हणून मला एका गोष्टीची गंमत वाटते. त्रिनिदादमध्ये बापाच्या आईला 'आजी' म्हणतात आणि बापाच्या बापाला 'आजा'. भोजपुरीतून गेलेले हे शब्द आपल्याला घरचेच वाटतात. 'नाना' म्हणजे मात्र तेथे आईचे वडील. "म्हणजे मी तिकडे गेलो की साऱ्या गावाचा आजोबा," असे म्हणून नाना खुशीत हसले.

तोड निघाली ती सौ.च्या हिशेबी डोक्यातून. विरोध करणारीनेच वाट शोधावी, हे आमच्या घरचे वैशिष्ट्य आहे. ती म्हणाली, "सहा दिवस ना? मग ते सहा दिवस वन्संकडे काढा." परतीच्या वाटेवर लंडनला बहिणीकडे पूर्ण आठवडा राहायचे, मग भारतात उतरेपर्यंत सहा दिवस उलटून गेलेले असतील. बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "आठवडा कशाला, महिनाभर ठेवा!" डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. नियमाची तोड निघाली तरी डासांची निघत नाही, हे त्यांनी बजावले. जंगलात मुळीच जायचे नाही, मुक्काम शहरात आणि टोबॅगोच्या किनाऱ्यावर, अंगभर कपडे, डास दूर ठेवणारे मलम, औषधांची दुप्पट पुडकी आणि ताप आला तर तास न दवडता रुग्णालय, एवढ्या अटींवर त्यांनी मान डोलावली. शिवाय पाचांचाही प्रवास-विमा काढायचा, आणि नानांच्या आजाराचा त्यात स्पष्ट उल्लेख करून घ्यायचा. या अटी नानांनी वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून त्याखाली सही केली आहे.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा. तोही लपवून उपयोग नाही. त्या देशात गेली काही वर्षे टोळ्यांची हाणामारी वाढली आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी सरकारला आणीबाणी पुकारावी लागली, आणि २०२५ च्या जुलैत पुन्हा. तेव्हा तिकिटे रद्द करता येतील अशीच काढायची, निघण्याच्या महिनाभर आधी परिस्थिती पुन्हा तपासायची, रात्री रस्त्याने भटकायचे नाही, आणि मोटार विचारपूस केलेल्या माणसाचीच ठरवायची. तेथे लष्करी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालणे हा गुन्हा आहे, म्हणून चिरंजीवांची लाडकी पाटलोण घरी राहणार. विजेचा दाब आपल्या निम्मा, त्यामुळे सौ.ची इस्त्रीही घरी राहणार. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे.

खाण्याची चिंता मात्र कुणी करू नये. मसालेदार चण्याची उसळ दोन मऊ वड्यांसारख्या पुऱ्यांत घालून देतात, त्याला 'डबल्स' म्हणतात. सारे बेट सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहून ते खाते. 'दालपुरी' म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. जिऱ्याला ते 'गीरा' म्हणतात आणि वांग्याला 'बैगन'. सौ.ने हे ऐकून मेतकूट आणि लोणच्याचा डबा अर्ध्यावर आणला. अर्धा तरी हवाच, असे ती म्हणते.

आता शेवटची तयारी, आणि ती सामानात मावणारी नाही. आपण अशा ठिकाणी जातो तेव्हा नकळत 'आपले' हुडकू लागतो. बघा, यांनी रामायण टिकवले. बघा, हे हिंदी विसरले. जणू काही ते लोक आपल्या घरून काही उसने घेऊन गेले होते आणि आपण वसुलीला आलो आहोत! डेरेक वॉलकॉट या सेंट लुसियाच्या कवीला १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याने आपल्या व्याख्यानाची सुरुवात त्रिनिदादमधल्या फेलिसिटी गावच्या रामलीलेने केली. त्याने प्रांजळपणे सांगितले, की पहिल्याने आपण त्यात एक हरवलेले, फिके पडलेले काहीतरी शोधत होतो. पण त्या मैदानावरची मुले नाटक करीत नव्हती, ती श्रद्धेने आणि आनंदाने आपला सण साजरा करीत होती. चगुआनास गावी जन्मलेल्या व्ही. एस. नायपॉल यांनी मिस्टर बिस्वासवर केवढी कादंबरी लिहिली, १९६१ साली. तीही भारताची आठवण काढत बसलेल्या माणसाची कथा नाही, त्रिनिदादमध्ये स्वतःचे घर असावे म्हणून आयुष्यभर धडपडणाऱ्या माणसाची आहे.

म्हणून आमच्या बेतात वॉटरलूचे देऊळ मी आग्रहाने घातले आहे. शिवदास साधू नावाच्या मजुराने उसाच्या कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. ते पाडले गेले, आणि त्याला तुरुंगातही जावे लागले. मग तो म्हणाला, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही! सायकलवरून दगडमाती वाहून त्याने वर्षानुवर्षे समुद्रात भर घातली आणि तेथे पुन्हा देऊळ उभे केले. लाटांनी ते खचले, तेव्हा १९९५ साली ते पुन्हा नीट बांधण्यात आले. सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद पडली. देऊळ उभे आहे. हे देऊळ भारतातून आलेले नाही. ते त्या माणसाने तेथे, त्या समुद्रात, स्वतः मिळवलेले आहे. ते बघताना आपण यजमान नाही, पाहुणे आहोत, एवढे मुलांनी जाणले तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले, असे मी समजेन.

तर असा बेत आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचे. एक दिवस मी आणि मुले कासवांच्या किनाऱ्यावर जाऊ. त्या दिवशी नाना जंगलाकडे फिरकणार नाहीत. ते ओव्हलवर जातील. त्यांच्याबरोबर कोण जाणार, यावर चर्चा झालीच नाही. सौ.ने आपण होऊन सांगितले, "मी जाईन मामंजींबरोबर. डोंगर दिसतात म्हणे तिथून. ते सरदेसाई कुठून खेळत होते, ते मला दाखवतील." मग चार दिवस टोबॅगो, आणि ३० मेला पुन्हा पोर्ट ऑफ स्पेन. त्या दिवशी तेथे 'इंडियन अरायव्हल डे'ची सुट्टी असते, पहिल्या जहाजाची आठवण म्हणून. मग लंडन, आणि कॉलेज उघडण्यापूर्वी घर.

ज्यांच्या घरात असे एखादे राहून गेलेले मैदान, देऊळ किंवा माहेर असेल, त्यांनी या दिवाळीत फराळ झाल्यावर जरा नकाशा उघडावा. डॉक्टरांना विचारावे, हिशेब मांडावा, अटी कागदावर लिहून काढाव्यात. जमणार नाही असे निघाले, तर तेही नीट कळेल. पण पुढच्या वर्षी बघू, हे वाक्य पंचाहत्तरीच्या माणसासमोर बोलू नये. नानांचा पासपोर्ट कालच नूतनीकरण होऊन आला. दहा वर्षांचा आहे. तो उघडून त्यांनी मुदतीची तारीख वाचली, बोटांवर आपले वय मोजले, आणि तो वहीत, गावसकरांच्या २२० च्या पानाशी ठेवून दिला.